शिवेवरचे राखणदार : वितळलेल्या प्लास्टिकात नॅनोकण काय करतात?

आमच्या वाड्यावर सुक्या कचऱ्याची गाडी यायची असली की शेजारच्या काकी आदल्या रात्रीच पिशव्या लावून ठेवतात. दुधाच्या पिशव्या धुऊन, पाण्याच्या बाटल्या चेपून, वेफर्सची पाकिटं दुमडून. मागे एकदा त्यांनी मला थांबवून विचारलं, "तू केमिस्ट्री शिकवतेस ना? मग सांग, हे सगळं प्लास्टिकच ना? एका कढईत वितळवून बादल्या का करीत नाहीत? भट्टीत कशाला जाळतात?"

काकींचा प्रश्न अगदी रास्त आहे. गोव्यात साळगावच्या प्रकल्पात कचरा वेगळा केला जातो. ज्या प्लास्टिकचं पुढं काही करता येत नाही, त्याचे गठ्ठे बांधून ते कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे इंधन म्हणून पाठवलं जातं. आपण घरी इतक्या निगुतीनं वेगळं केलेलं प्लास्टिक शेवटी जळतं, हे ऐकून वाईट वाटतंच. "एका कढईत का नाही?" याचं उत्तर मात्र डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या एका रेषेवर आहे. ती रेषा समजून घेण्यासाठी जगभरातले शास्त्रज्ञ आज कॉम्प्युटरमध्ये प्लास्टिक वितळवतात आणि त्यात वाळूच्या कणाच्या हजारो पट लहान कण, म्हणजे नॅनोकण, सोडून काय होतं ते पाहतात.

सगळं प्लास्टिक एक नव्हे

काकींना मी बादलीभर पाणी घ्यायला सांगितलं. पाण्याच्या बाटलीचा तुकडा कापून टाकला, तो बुडाला. त्याच बाटलीच्या टोपणाचा तुकडा टाकला, तो तरंगला. बाटली 'पेट' नावाच्या प्लास्टिकची, घनता पाण्याच्या सुमारे १.३८ पट. टोपण पॉलिथिलीनचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, पाण्याहून हलकं. वेफर्सच्या पाकिटात तर दोन-तीन वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि मध्ये ॲल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा असतो.

हे सगळे पदार्थ पॉलिमर आहेत. पॉलिमर म्हणजे छोटे रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांबच लांब साखळी. तिच्यात कड्या शेकड्यांनी, हजारांनी असतात, आणि सगळी गोम या लांबीत आहे.

परडीत जाईची आणि अबोलीची सुटी फुलं घालून हलवा, चटकन मिसळतात. आता त्याच फुलांचे लांब वळेसर गुंफा आणि परडी हलवा. मिसळण्यातून निसर्गाला फायदा होतो तो मोकळेपणाचा, फिरायला जास्त जागा मिळण्याचा. सुट्या फुलांना हा फायदा फुलामागे एकेक मिळतो. वळेसरात फूल एकटं फिरूच शकत नाही, म्हणून तिथं फायदा अख्ख्या माळेमागे एकदाच. दोन जातींच्या फुलांमधली नावड मात्र फुलागणिक मोजली जाते. माळ हजार फुलांची असेल तर नावड इवलीशी असली तरी तिची हजार पटीनं बेरीज होते आणि फायदा एकाचा एकच राहतो. फ्लोरी आणि हगिन्स यांनी १९४१-४२ च्या सुमारास, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हा हिशेब मांडला. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन दोन्ही फक्त कार्बन आणि हायड्रोजनची, जवळजवळ सख्खी भावंडं. तरी वितळवून एकत्र केली की वेगळी होतात. बहुतेक पॉलिमरच्या जोड्यांचं असंच आहे.

शीव म्हणजे काय

दोन न मिसळणारी प्लास्टिकं यंत्रात वितळवून घुसळली की एकाचे थेंब दुसऱ्यात विखुरतात. थेंब जिथं संपतो आणि भोवतालचं प्लास्टिक सुरू होतं त्या पृष्ठभागाला पुस्तकात आंतरपृष्ठ म्हणतात. मी त्याला शीव म्हणेन, कारण दोन गावांची हद्द म्हटली की आपल्याला तोच शब्द सुचतो.

ही शीव फार तर काही नॅनोमीटर जाडीची असते. वहीचा एक कागद सुमारे एक लाख नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे अंदाज येईल. एवढ्या पट्ट्यात अलीकडच्या साखळ्या पलीकडच्या साखळ्यांत फारशा गुंतत नाहीत. मिश्रण थंड होऊन घट्ट झालं की वरून एकजीव दिसतं, पण आत लाखो शिवा उसवायला तयार असतात. अशा मिश्रणाची बादली केली तर ती पाण्यानं भरून उचलताना कडी जोडलेल्या जागी फाटेल. काकींच्या कढईची अडचण ही.

दुसरी अडचण ताणाची. शीव राखायला ऊर्जा लागते, म्हणून निसर्ग ती जमेल तितकी आखूड करू पाहतो. पाणी आणि हवा यांच्या शिवेवर हा ताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. दोन वितळलेल्या प्लास्टिकांमध्ये तो साधारण १ ते १०. आकडा लहान, पण थेंबाला थेंब मिळून मोठे थेंब व्हायला तेवढा पुरतो. मोठ्या थेंबांत एकूण शीव कमी लागते. कितीही जोरानं घुसळा, यंत्र थांबलं आणि प्लास्टिक अजून पातळ असलं की थेंब पुन्हा वाढायला लागतात.

हे आपण स्वयंपाकघरात पाहिलेलं आहे. नारळाच्या रसात खोबऱ्याच्या तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात आणि त्यांच्या शिवेवर नारळातली प्रथिनं बसलेली असतात, म्हणून थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. हुमणाला, म्हणजे नारळाच्या रसातल्या माशांच्या आमटीला, जोराची उकळी आली की ही प्रथिनं आपला आकार सोडतात, शीव उघडी पडते आणि रस फुटतो. तेल वर येतं. आई "मंद आचेवर ठेव" म्हणायची त्यामागचं हे शास्त्र.

कण शिवेवर का थांबतो

प्रथिनांऐवजी घट्ट, न विरघळणारे बारीक कणही ही राखण करू शकतात, हे रॅम्सडेन यांनी १९०३ मध्ये आणि पिकरिंग यांनी १९०७ मध्ये तेल-पाण्याबाबत दाखवलं. गोव्यात गावाच्या शिवेवर राखणदार असतो, त्याला आपण नारळ ठेवतो. हे कण मला तसेच वाटतात. पण कोणी न नेमता ते तिथं का थांबतात?

आपल्या खाजन शेतीचा बांध आठवा. एका बाजूला नदीचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भात. बांधाचा प्रत्येक हात बांधायचा, दुरुस्त करायचा, खेकड्यांची बिळं बुजवायची, म्हणजे खर्च आलाच. आता बांधाच्या ओळीत मधेच एक भला मोठा खडक आला तर? तेवढ्या लांबीचा बांध घालावाच लागत नाही. खडक शेताच्या मधोमध असता तर काही वाचलं नसतं. बांधाच्या ओळीत आहे म्हणून वाचलं.

नॅनोकणाचं गणित हेच. कण शिवेवर बसला की कणाच्या आडव्या छेदाएवढं वर्तुळ शिवेतून वजा होतं आणि तेवढी ऊर्जा वाचते. तो तिथून हलायचा तर ती ऊर्जा परत भरावी लागेल. वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गानं वाढतं, म्हणून कणाचा आकार कळीचा ठरतो. २०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या प्लास्टिकात भोवतालच्या रेणूंचे धक्के कणाला सतत बसत असतात. शिवेचा ताण १ मिलिन्यूटन प्रति मीटर धरला आणि कणाला दोन्ही प्लास्टिकं सारखीच मानवतात असं समजलं, तर १ नॅनोमीटर त्रिज्येच्या कणाला हुसकावायला सरासरी अर्ध्या धक्क्याएवढी ऊर्जा पुरते. तो टिकत नाही. त्रिज्या १० नॅनोमीटर झाली की सुमारे ५० धक्क्यांएवढी लागते आणि १०० झाली की सुमारे ५,०००. असा कण एकदा बसला की बसला.

कणाची आवडनिवडही महत्त्वाची. दोन्ही प्लास्टिकं सारखीच जवळची असतील तर कण बरोबर मध्ये बसतो, अर्धा इकडे अर्धा तिकडे. अशा वेळी शीव कणाला ९० अंशांच्या कोनात भिडते. ओढ एका बाजूला झुकून हा कोन ६० अंश झाला तर पकड एक चतुर्थांशच उरते. ओढ फारच एकतर्फी असेल तर कण शीव सोडून आपल्या लाडक्या प्लास्टिकात बुडून जातो. (अर्ध्या बुडालेल्या नारळाचं चित्र डोळ्यांसमोर येईल, पण तिथं वजनाचा खेळ असतो. इतक्या लहान कणाचं वजन हिशेबात धरण्याजोगंही नसतं.)

कारखान्यात याचा एक सुरेख उपयोग करतात. कणाला जे प्लास्टिक कमी आवडतं त्यातच तो आधी मिसळायचा आणि मग दुसरं प्लास्टिक घालायचं. कण आवडत्या बाजूकडे निघतो, वाटेत शीव लागते आणि तिथं अडकतो. तेवढ्यात मिश्रण थंड केलं की झालं. काजळीचे कण असे शिवेवर अडकवले की शिवेच्या वाटेनं वीज वाहू लागते आणि वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी काजळीत एरवी वीज अडवणारं प्लास्टिक वाहक होतं. पूर्ण प्लास्टिकभर काजळी पसरून हेच करायचं तर कितीतरी जास्त काजळी लागते.

मग कॉम्प्युटर कशाला?

सूत्र हातात आहे, कागदावर उत्तर येतंय, मग सिम्युलेशनची, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये तीच घटना घडवून पाहण्याची, गरज काय? हा आक्षेप मला विद्यार्थी हमखास विचारतात, आणि तो चांगला आहे.

वरच्या हिशेबात आपण एक गोष्ट गुपचूप गृहीत धरली: कणाच्या मानानं भोवतालचं प्लास्टिक अगदी गुळगुळीत, सलग आहे. पण पॉलिमरची साखळी वितळलेल्या अवस्थेत गुंडाळीसारखी असते आणि त्या गुंडाळीचा आकारही दहा-एक नॅनोमीटरच्या घरात असतो. म्हणजे कण आणि साखळी एकाच मापाची. साखळ्यांना कणाभोवती वळसे घ्यावे लागतात, त्यांचा मोकळेपणा कमी होतो आणि त्या कणाला ढकलतात. कण दोन असले तर त्यांच्यामधल्या साखळ्या पिळून बाहेर जातात आणि कण एकमेकांना चिकटतात. कणावर मुद्दाम केसांसारख्या साखळ्या रुजवल्या तर ते केस दाट की विरळ, आखूड की लांब, यावर सगळं उलटसुलट होतं. हे एका ओळीच्या सूत्रात मावत नाही. आणि २०० अंशांच्या घट्ट रसात, अंधारात, क्षणाच्या अंशात घडणारं प्रत्यक्ष पाहावं तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला सहसा थिजलेला, कापलेला नमुनाच लागतो. म्हणजे फोटो मिळतो, हालचाल मिळत नाही.

सिम्युलेशन हालचाल दाखवतं. कॉम्प्युटरमध्ये एक कल्पित खोका घ्यायचा. त्यात दोन रंगांच्या मण्यांच्या माळा आणि काही मोठे गोळे ठेवायचे. कोणता मणी कोणाला किती ओढतो, किती ढकलतो याचे नियम द्यायचे. मग प्रत्येक मण्यावरचं एकूण बळ काढायचं, न्यूटनच्या नियमानं त्याला किंचित सरकवायचं, पुन्हा बळ काढायचं, पुन्हा सरकवायचं. असं कोट्यवधी वेळा.

खोका लहान असतो, मग त्याच्या भिंतींचं काय? जुन्या घरांतली नक्षीची जमीन आठवा. एकच लादी चारी दिशांना पुन्हा पुन्हा लावलेली, एका लादीच्या उजव्या कडेला संपलेली वेल पुढच्या लादीच्या डाव्या कडेला सुरू होते. सिम्युलेशनमध्येही उजवीकडून बाहेर पडलेला मणी डावीकडून आत येतो. अशानं भिंत उरतच नाही.

खरी अडचण वेळेची आहे. प्रत्येक अणू वेगळा धरला तर एका पावलात सेकंदाचा सुमारे १०००००००००००००००वा भाग, म्हणजे एक फेम्टोसेकंद, एवढंच पुढं जाता येतं. एक पाऊल मोजायला कॉम्प्युटरला सेकंदाचा हजारावा भाग लागला असं धरलं, तरी खऱ्या प्लास्टिकमधला एक सेकंद पाहायला सुमारे ३२ हजार वर्षं लागतील. म्हणून दहा-वीस अणूंचा मिळून एक मणी धरतात. पणजीहून काणकोणला जायचा नकाशा काढताना आपण वाटेतलं प्रत्येक घर दाखवत नाही, गावं दाखवतो, तसं. क्रेमर आणि ग्रेस्ट यांनी १९९० मध्ये मांडलेलं मण्यांच्या माळेचं प्रतिरूप या क्षेत्रात आजही सर्रास वापरलं जातं. मण्यांची ही युक्ती बारकावे गमावते, हे खरंच. पण शिवेवर कण थांबतो की जातो, थेंब वाढतात की थांबतात, या प्रश्नांना ते बारकावे बहुतेक वेळा लागत नाहीत.

कॉम्प्युटरमधलं खरं कशावरून?

नियम चुकीचे दिले तर उत्तर चुकीचंच येणार, आणि ते उत्तर रंगीत चित्रांत खरं वाटणार. यात मला खरोखर धोका दिसतो. म्हणून आधी ज्याचं उत्तर माहीत आहे असा प्रश्न सोडवून पाहतात. मोठा कण घेतला तर वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं गणित परत मिळालं पाहिजे. नुसती दोन प्लास्टिकं घेतली तर शिवेची जाडी आणि ताण प्रयोगाशी जुळले पाहिजेत. मगच नवीन प्रश्नाला हात घालायचा.

पण माझा विश्वास बसला तो एका वेगळ्या गोष्टीमुळे. २००५ मध्ये एडिनबरा विद्यापीठाशी जोडलेल्या एका गटानं, ज्यात रोनोजॉय अधिकारी हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते, एक सिम्युलेशन प्रसिद्ध केलं. दोन साधे द्रव एकमेकांपासून वेगळे होत असताना त्यात दोघांनाही सारखेच जवळचे असलेले कण होते. द्रव वेगळे होता होता शीव आखूड होऊ लागली, कण दाटीवाटीनं एकमेकांना भिडले आणि एका क्षणी शिवेला आणखी आखूड व्हायला जागाच उरली नाही. दोन्ही द्रव एकमेकांत गुंतलेल्या बोगद्यांसारखे जागच्या जागी थिजले. असा पदार्थ तोवर कोणी केलेला नव्हता. २००७ मध्ये एडिनबरातच पाणी, ल्युटिडीन नावाचा द्रव आणि सिलिकाचे कण घेऊन तो प्रयोगशाळेत करून दाखवला गेला. आधी कॉम्प्युटरनं सांगितलं, मग काचेच्या नळीत दिसलं. त्याला आज 'बायजेल' म्हणतात. ते पॉलिमर नव्हते हे खरं, पण शिवेवरची कणांची कोंडी दोन्हीकडे एकाच कारणानं होते.

कण टाकले की मिश्रण मजबूत झालं?

नाही. इथं बातम्यांत बरीच गल्लत होते, म्हणून थोडं थांबून सांगते.

कण मुख्यतः थेंबांना एकत्र येण्यापासून अडवतात. सगळी शीव कणांनी झाकली गेली की थेंबांची वाढ थांबते. कण निम्मे केले तर झाकायला पुरेशी राखण नसते, म्हणून थेंब साधारण दुप्पट मोठे होईपर्यंत वाढतात आणि मग थांबतात. बारीक, सारखे थेंब असलेलं मिश्रण मोठ्या थेंबांच्या मिश्रणापेक्षा सहसा बरं. पण अलीकडच्या साखळ्यांना पलीकडच्यांशी बांधायचं काम गुळगुळीत कण आपोआप करत नाही. उलट कण फार झाले किंवा त्यांची गुठळी झाली तर तडा तिथूनच सुरू होतो.

बांधायचं तर टाके हवेत. एक वाट म्हणजे अर्धी एका जातीची आणि अर्धी दुसऱ्या जातीची अशी साखळी. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांतल्या संशोधकांनी पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचे तुकडे आलटून पालटून जोडलेल्या साखळ्या अगदी थोड्या प्रमाणात घालून या दोघांचं चिवट मिश्रण केलं. दुसरी वाट म्हणजे दोन तोंडांचे कण: एका अंगाला एका प्लास्टिकची ओढ, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याची. रोमन देव जेनस याच्या नावावरून त्यांना जेनस कण म्हणतात. २००१ मध्ये बिंक्स आणि फ्लेचर यांनी हिशेब केला की असा कण साध्या कणापेक्षा तिप्पट घट्ट बसू शकतो. कणाच्या दोन्ही अंगांना योग्य लांबीचे केस रुजवले तर तो राखणही करेल आणि टाकाही घालेल. कोणते केस, किती दाट, हे प्रयोगशाळेत एकेक करून पाहायला वर्षं जातात. सिम्युलेशननं शंभरातले नव्वद पर्याय आधीच बाजूला काढता आले, तर ती वर्षं वाचतात.

हे कण अंगाला अपाय करणार नाहीत ना?

हे काकींनीही विचारलं. काजळी टायरमध्ये, सिलिका टूथपेस्टमध्ये आधीपासून आहे, म्हणून 'नॅनो' शब्दानंच घाबरून जाऊ नये. पण सुटी पूड श्वासात जाणं वेगळं. काजळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं माणसात कर्करोगाला कदाचित कारण ठरू शकणाऱ्या गटात ठेवलेलं आहे, त्यामुळे ती हाताळणाऱ्या कामगाराला मास्क आणि हवा खेचणारी यंत्रणा हवीच. प्लास्टिकात पक्के अडकलेले कण तेवढे सुटत नाहीत. मात्र तेच प्लास्टिक आपल्या किनाऱ्यावर उन्हात आणि लाटांत झिजलं तर कण कुठं जातात, हा प्रश्न वेगळा आहे आणि शिवेचं सिम्युलेशन त्याचं उत्तर देत नाही. त्यासाठी वेगळ्या तपासण्या लागतात, आणि त्या आधी व्हायला हव्यात असं माझं ठाम मत आहे.

मग साळगावचे गठ्ठे थांबतील?

एवढ्यात नाही. सिम्युलेशनच्या खोक्यात दोन स्वच्छ प्लास्टिकं असतात, प्रमाण ठरलेलं असतं. कचऱ्याच्या गाडीत पाच-सहा जातींची प्लास्टिकं, शाई, गोंद, ॲल्युमिनियम, फरसाणाचं तेल आणि वाळू असते, आणि दर गाडीला प्रमाण बदलतं. पॉलिथिलीन-पॉलिप्रॉपिलीनच्या शिवेवर छान बसणारा कण पेटच्या शिवेवर बसेलच असं नाही. शिवाय पेट वितळायला २५० अंशांच्या वर जावं लागतं, तोवर बाकीच्यांचे हाल होतात. म्हणून काकींच्या वेगवेगळ्या पिशव्यांना पर्याय नाही. उपयोग पहिल्यांदा होईल तो वेगळं करूनही जे दोनच जातींत अडकून राहतं तिथं: पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन दोन्ही पाण्यावर तरंगतात, म्हणून बादलीच्या युक्तीनं ती एकमेकांपासून सुटत नाहीत. नेमकी हीच जोडी आपल्या कचऱ्यात सर्वांत जास्त असते.

कॉलेजात शिकणाऱ्यांसाठी एक सांगते. हे स्वतः करून पाहायला महासंगणक लागत नाही. अमेरिकेतल्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेनं तयार केलेला 'लॅम्प्स' हा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि काही हजार मण्यांचा खोका साध्या लॅपटॉपवर रात्रभरात चालतो. आधी गोळे न घालता चालवा. सुरुवातीला सगळं एकरंगी राखाडी दिसेल, मग ठिपके, मग बेटं, आणि शेवटी दोन रंगांचे दोन सरळ पट्टे. मग तेच सगळं ठेवून फक्त वीसेक गोळे सोडा आणि बेटांच्या किनाऱ्यांकडे पाहा. तिसऱ्या वेळी गोळ्यांची त्रिज्या निम्मी करा. किती गोळे किनारा सोडून गेले ते मोजा, आणि खडकाच्या हिशेबाशी ताडून पाहा.